शिक्षकाचा फोन व त्यातील अनाहूत अ‍ॅप्स

प्राथमिक शाळेच्या दप्तरात पूर्वी हजेरीपत्रक, जनरल रजिस्टर, टाचणवही व शेरेबुक एवढे साहित्य असले की काम चालत असे. आज त्यांच्या पंक्तीस एक नवी वस्तू येऊन बसली आहे, ती म्हणजे शिक्षकाचा फोन. विद्यार्थ्यांची माहिती भरावयाची ती फोनावर, पोषण आहाराची रोजची नोंद करावयाची ती फोनावर, आणि केंद्रप्रमुखांची सूचना यावयाची तीही फोनावरच. ५ सप्टेंबर २०१७ रोजी शिक्षकांसाठी ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले. तेव्हापासून पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडवर फोन धरून पाठ दाखविणे हाही अध्यापनाचा एक भाग झाला आहे. फोन बहुधा शिक्षकाने आपल्या वेतनातून घेतलेला असतो. परंतु त्यावरील भार मात्र शाळेचा असतो. सबब, तो फोन सुस्थितीत राखणे ही केवळ हौसेची बाब राहिलेली नाही.

पालघर जिल्ह्याच्या डोंगरपट्टीतील एका द्विशिक्षकी शाळेत घडलेला प्रसंग येथे सांगणे उचित होईल. तेथील एका शिक्षकबंधूंचा फोन घेऊन पुरते वर्षही झाले नव्हते. एके दिवशी सकाळी, कामाच्या अ‍ॅपची नवी आवृत्ती घेण्यास जागा अपुरी आहे, असे फोन सांगू लागला. माहिती त्याच दिवशी भरावयाची होती. घाईघाईने त्यांनी फोनातील दोन वर्षांची छायाचित्रे पुसून टाकली. शाळेच्या आवारात लावलेली झाडे, मुलांनी केलेले मातीकाम, भिंतीवर काढलेली वारली चित्रे, असे सारे त्यात होते. आईवडिलांबरोबर वीटभट्टीवर गेलेली व पुन्हा त्या शाळेत न परतलेली एक मुलगीही त्या छायाचित्रांत होती. पुढे महिन्याभराने केंद्रातील एका तरुण शिक्षिकेने त्यांच्या फोनातील अ‍ॅप्सची यादी काढून पाहिली, तेव्हा त्यांनी कधीही न उघडलेली नऊ अ‍ॅप्स सापडली: दोन खेळ, तीन दुकाने, एक बातम्यांचे, एक कर्ज देऊ करणारे आणि दोन कशाची हे कळेना अशी. हवे होते ते गेले, आणि नको होते ते जागच्या जागी राहिले.

असा प्रसंग आपणांवर येऊ नये, यासाठी फोनाबरोबर न मागता आलेली अ‍ॅप्स कोणती, ती काढावयाची कशी, आणि कोणती काढू नयेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विवेचन अँड्रॉइड जातीच्या फोनापुरते आहे, कारण आपल्या बहुतेक शिक्षकबंधुभगिनींकडे तोच असतो.

१. ही अ‍ॅप्स येतात कोठून?

नव्या फोनात आधीपासून असलेल्या अ‍ॅप्सचे तीन उगम आहेत. पहिला उगम म्हणजे अँड्रॉइड ही प्रणाली बनविणारी गूगल कंपनी. तिचे नकाशे, पत्रव्यवहार, चित्रफिती इत्यादींचे अ‍ॅप्स फोनाबरोबर येतात. दुसरा उगम म्हणजे फोन तयार करणारा कारखानदार. तो आपले स्वतःचे दुकान, आपली गाणी वाजविण्याची सोय, आपला निराळा न्याहाळक अशा वस्तू घालतो. त्यामुळे एकाच कामाची दोन दोन अ‍ॅप्स एका फोनात नांदतात. तिसरा उगम म्हणजे त्रयस्थ व्यापारी. आपले अ‍ॅप नव्या फोनात आधीच बसवावे, यासाठी हे व्यापारी कारखानदारास मोबदला देतात.

या तिसऱ्या उगमातच स्वस्त फोनाचे एक रहस्य आहे. कमी किमतीच्या फोनात कारखानदारास नफा थोडा राहतो. तो व्यापाऱ्यांकडून व जाहिरातींतून भरून काढला जातो. म्हणजे आपण दुकानदारास दिलेली रक्कम ही त्या फोनाची पूर्ण किंमत नव्हे. उरलेली किंमत आपण आपल्या फोनातील जागेने, आपल्या डेटाने आणि आपल्या लक्षाने फेडत असतो. महाग फोनात अशी अ‍ॅप्स नसतात असे नाही. परंतु थोड्या जागेच्या फोनास त्यांचा भार अधिक जाणवतो.

यात एक आणखी मेख आहे. काही फोनांत ‘अ‍ॅप बसविणारे अ‍ॅप’ असते. ते पडद्यावर दिसत नाही. परंतु प्रणालीचे अद्ययावतीकरण झाले की त्याच्या वाटेने नवी अ‍ॅप्स येऊन बसतात. म्हणून एकदा केलेली सफाई कायमची पुरेल, असे समजू नये.

२. भिंतीतील कपाट आणि सुटी पेटी

काही अ‍ॅप्स काढता येतात व काही काढता येत नाहीत, याचे कारण अनेकांस उमगत नाही. ते शाळेच्या उदाहरणाने चटकन ध्यानात येईल.

आपल्या वर्गखोलीत भिंतीत बांधलेले एक कपाट असते आणि कोपऱ्यात एक सुटी पेटी असते. पेटी नको झाली तर उचलून बाहेर नेता येते, आणि ती जेथे होती तेवढी जमीन मोकळी होते. भिंतीतले कपाट मात्र रिकामे करता येते, त्यास कुलूप लावता येते. पण ते भिंतीतून उपटता येत नाही, आणि कुलूप लावल्याने खोली रुंद होत नाही.

फोनातील साठवणीचे असेच दोन भाग असतात. एक भाग प्रणालीचा. तो कारखान्यात भरला जातो आणि नेहमीच्या वापरात केवळ वाचण्यापुरताच उघडा असतो. त्यात आपल्याला काही लिहिता वा पुसता येत नाही. दुसरा भाग वापरणाऱ्याचा. आपण घेतलेली अ‍ॅप्स, छायाचित्रे, आलेले संदेश हे सारे या भागात राहतात. जे अ‍ॅप कारखानदाराने वापरणाऱ्याच्या भागात ठेवले, ते सुटी पेटी होय. ते पूर्णपणे काढता येते. जे प्रणालीच्या भागात ठेवले, ते भिंतीतले कपाट होय; ते फार तर बंद करता येते.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. प्रणालीतील अ‍ॅपची मूळ प्रत भिंतीत असली तरी त्याच्या नव्या आवृत्त्या येत राहतात, आणि त्या आपल्या भागात साठतात. शिवाय ते अ‍ॅप जी माहिती गोळा करते तीही आपल्याच भागात राहते. अशा अ‍ॅपच्या नव्या आवृत्त्या काढून टाकून ते बंद केले, तर मूळ प्रतीची जागा परत मिळत नाही. परंतु नव्या आवृत्त्यांची व गोळा झालेल्या माहितीची जागा निश्चित मिळते. कित्येकदा हीच जागा मूळ प्रतीहून मोठी असते. त्याशिवाय ते अ‍ॅप पाठीमागे चालणे, सूचना पाठविणे व डेटा खाणे थांबते. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामास जाणाऱ्या पालकांस विचारले तर तेही सांगतील की, नको असलेले यंत्र ताबडतोब उखडून फेकीत नाहीत. आधी त्याचा वीजपुरवठा तोडतात. बंद केलेले अ‍ॅप हे वीजपुरवठा तोडलेल्या यंत्रासारखे समजावे.

३. साठवण निराळी, कार्यस्मृती निराळी

‘फोनात जागा नाही’ आणि ‘फोन अडकतो’ या दोन तक्रारी एकच नव्हेत. साठवण म्हणजे कपाट. रॅम, म्हणजे कार्यस्मृती, ही शिक्षकाच्या टेबलासारखी असते. कपाटात शंभर वह्या मावतील. पण तपासावयास घ्यावयाच्या त्या टेबलावर मांडाव्या लागतात. टेबल लहान असेल आणि त्यावर भलत्याच वस्तू पसरल्या असतील, तर काम खोळंबते. पाठीमागे चालणारी अ‍ॅप्स टेबल अडवितात. न उघडलेली पण साठलेली अ‍ॅप्स कपाट अडवितात.

या भेदाचे महत्त्व आपल्याच राज्यातील एका घटनेने दाखवून दिले आहे. अंगणवाडीची कल्पना ज्या भूमीत रुजली ती भूमी आपल्याच जिल्ह्यातील. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्या साह्याने ते कार्य वाढले. त्या परंपरेतून निघालेल्या अंगणवाड्यांच्या सेविकांस शासनाने कामासाठी फोन दिले होते. त्यांची कार्यस्मृती २ जीबी होती. १ मार्च २०२१ रोजी केंद्र शासनाचे ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे अ‍ॅप आले. फोन अडकतो, तापतो, त्यात जागा पुरत नाही, आणि अ‍ॅपची भाषा इंग्रजी असल्याने भरताना अडचण येते, अशा तक्रारी सेविकांनी केल्या. आणि ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अनेक ठिकाणी त्यांनी आपले फोन प्रकल्प कार्यालयांत परत नेऊन दिले. केवळ सफाईने तो प्रश्न सुटला असता, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल. लहान टेबल मोठे होत नाही. परंतु ज्यांना त्याच टेबलावर काम करणे भाग आहे, त्यांनी निदान परक्यांच्या वस्तू तेथून उचलाव्यात, एवढे तरी आपल्या हाती आहे.

जव्हार, मोखाडा, विक्रमगड येथील पाड्यांवर काम करणाऱ्यांस आणखी एक अडचण आहे. बोईसर किंवा पालघर स्टेशनाजवळ नेटवर्काची फारशी वाण नसते; दरीतल्या शाळेत मात्र ते मिळविण्यासाठी शिक्षकास टेकडीवर चढावे लागते. तेथे नेटवर्क लाभते ते थोडा वेळ. त्या थोड्या वेळात शाळेची माहिती जावयास हवी. परंतु फोनास नेटवर्क लागताच खेळ, दुकाने व बातम्या ही सारी अ‍ॅप्स आपापले निरोप घेण्यास एकदम धावतात, आणि पटाची नोंद दारातच उभी राहते. अशा ठिकाणी नको असलेली अ‍ॅप्स बंद करणे हा चैनीचा नव्हे, कामाचा प्रश्न ठरतो.

४. आरंभ कागदावर करावा

फोनातील सफाईचा आरंभ फोनावर न करता कागदावर करावा. सेटिंग्ज उघडून त्यातील ‘अ‍ॅप्स’ या कलमात जावे व सर्व अ‍ॅप्स पाहण्याचा पर्याय घ्यावा. प्रत्येक अ‍ॅपच्या नावावर बोट ठेवले की त्याची माहिती उघडते. त्याने किती साठवण व्यापली आहे, त्यास कोणत्या परवानग्या आहेत, हे तेथे दिसते. एका कागदावर पुढीलप्रमाणे तीन रकाने करून नावे लिहावीत.

पहिला रकाना: ज्यांच्या पानावर ‘अनइंस्टॉल करा’ असे बटण आहे, ती. या सुट्या पेट्या.

दुसरा रकाना: ज्यांच्या पानावर ‘बंद करा’ असे बटण आहे, ती. ही भिंतीतील कपाटे. यांना कुलूप लावता येते.

तिसरा रकाना: ज्यांचे बटण फिकट आहे व दाबले जात नाही, ती. ही कारखानदाराने आपल्याकडे राखलेली कपाटे.

बटणांची नावे व जागा फोनाफोनागणिक थोड्या बदलतात. परंतु हे तीन प्रकार सर्वत्र आढळतील. यादी पुरी झाल्यावर प्रत्येक नावापुढे आपणांस ते लागते की नाही, याची खूण करावी. ज्याविषयी शंका असेल त्यापुढे प्रश्नचिन्ह करावे आणि त्यास त्या दिवशी हात लावू नये.

यानंतर तीन गोष्टींची खात्री करावी. छायाचित्रांची व महत्त्वाच्या कागदांची दुसरी प्रत संगणकावर वा मेमरी कार्डावर घेतलेली असावी. आपल्या गूगल खात्याचा परवलीचा शब्द आपणांस आठवत असावा. आणि फोनाची बॅटरी निम्म्याहून अधिक भरलेली असावी.

५. प्रत्यक्ष कृती

पहिल्या रकान्यातील नको असलेली अ‍ॅप्स निःशंकपणे काढावीत. ‘अनइंस्टॉल करा’ दाबले की फोन एकदा विचारतो. होकार दिला की काम झाले. चुकून काही हवे असलेले गेले तरी प्ले स्टोअरमधून बहुधा ते पुन्हा घेता येते. मात्र ज्या अ‍ॅपमध्ये आपण स्वतः काही लिहून ठेवले असेल, ते काढण्यापूर्वी त्यातील मजकूर अन्यत्र उतरवून घ्यावा. तो अ‍ॅपबरोबर जातो. पडद्यावरील चित्र उचलून बाजूस टाकणे म्हणजे अ‍ॅप काढणे नव्हे, हेही ध्यानात असावे. काही फोनांत तसे केल्याने केवळ दारावरची पाटी निघते. बिऱ्हाड आतच राहते.

दुसऱ्या रकान्यातील अ‍ॅपबाबत दोन पायऱ्या कराव्यात. त्या अ‍ॅपच्या पानावरील तीन टिंबांच्या यादीत, नव्या आवृत्त्या अनइंस्टॉल करण्याचा पर्याय असल्यास तो प्रथम घ्यावा. तद्नंतर ‘बंद करा’ हे बटण दाबावे. याने इतर अ‍ॅप्सच्या कामात बिघाड होऊ शकेल, असा इशारा फोन देतो. तो सरसकट दिला जात असल्याने त्याने घाबरून जाऊ नये, परंतु त्याकडे दुर्लक्षही करू नये. एका दिवशी दोनतीन अ‍ॅप्सच बंद करावीत, आणि दोन दिवस कामाची अ‍ॅप्स, बँकेचे अ‍ॅप व संदेश नीट चालतात की नाही ते पाहावे. काही बिघडले तर दोष कोणाचा हे त्यामुळे लगेच कळते. एकाच बैठकीत तीस अ‍ॅप्स बंद करणाऱ्यास बिघाड कोठे झाला याचा शोध लागत नाही.

तिसऱ्या रकान्यातील अ‍ॅप्स काढता वा बंद करता येत नसली तरी त्यांचे उपद्रव कमी करता येतात. त्यांच्या ‘परवानग्या’ या पानावर जाऊन कॅमेरा, मायक्रोफोन, स्थान, संपर्क यांपैकी अनावश्यक परवानग्या काढून घ्याव्यात. ‘सूचना’ या पानावर जाऊन त्यांच्या सूचना थांबवाव्यात. डेटाच्या पानावर जाऊन पाठीमागे डेटा वापरण्याची मुभा बंद करावी. ‘सक्तीने थांबवा’ हे बटणही तेथे असते; परंतु त्याचा परिणाम तात्पुरता असतो, फोन पुन्हा चालू केला की ते अ‍ॅप जागे होऊ शकते.

शेवटी, पुन्हा आक्रमण होऊ नये म्हणून दोन दक्षता घ्याव्यात. अज्ञात अ‍ॅप्स बसविण्याची परवानगी कोणकोणत्या अ‍ॅपला आहे, हे सेटिंग्जमध्ये पाहून ती काढून घ्यावी. आणि नवा फोन प्रथम सुरू करताना अधिक अ‍ॅप्स घ्यावीत काय असे विचारणारे पान येते, तेथील खुणा वाचून पुसाव्यात. बहुतेकजण त्या वेळी ‘पुढे’ ‘पुढे’ असे दाबीत जातात, आणि तेथेच पाहुणे घरात शिरतात.

६. हात लावू नये अशी अ‍ॅप्स

उत्साह हा सफाईचा मित्र असतो तसाच शत्रूही असतो. खालील अ‍ॅप्सची नावे अपरिचित वाटली तरी ती बंद करू नयेत.

गूगल प्ले सर्व्हिसेस: यावर खात्याची ओळख, सूचना पोचणे व अनेक अ‍ॅप्सचे चालणे अवलंबून असते.

अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यू: एखाद्या अ‍ॅपच्या आत जेव्हा संकेतस्थळाचे पान उघडते, तेव्हा ते यामार्फत उघडते. हे बंद केल्यास पुष्कळ अ‍ॅप्स उघडताच मिटतात, आणि कारण समजत नाही.

कळफलक: जीबोर्ड किंवा कारखानदाराने दिलेला जो कळफलक मराठी लिहिण्यास वापरतो, तो दुसरा कळफलक बसवून तपासल्याखेरीज बंद करू नये. लिहिण्याचे साधनच गेले तर परवलीचा शब्दही लिहिता येत नाही.

फोन, संपर्क व संदेश: बँकेचे व शासकीय कामाचे ओटीपी संदेशांच्या अ‍ॅपमध्येच येतात.

होमस्क्रीनचे अ‍ॅप, सेटिंग्ज, पॅकेज इंस्टॉलर व सिमचे अ‍ॅप: ही फोनाची चौकटच होय.

इतके करूनही काही चुकले, तर एक उपाय अवश्य माहीत असावा. सेटिंग्जमधील ‘अ‍ॅप्स’ या पानावर वरच्या कोपऱ्यातील यादीत, अ‍ॅप प्राधान्ये रीसेट करण्याचा पर्याय असतो. तो घेतला की बंद केलेली सर्व अ‍ॅप्स पुन्हा सुरू होतात. छायाचित्रे वा संदेश यांस धक्का लागत नाही. मात्र सूचना, पाठीमागचा डेटा इत्यादींबाबत आपण घातलेले निर्बंधही त्याबरोबर उठतात, ते पुन्हा घालावे लागतात.

७. संगणकाच्या साह्याने काढण्याचा मार्ग

‘बंद करा’ हे बटण फिकट असलेली अ‍ॅप्सही काढता येतात, असे पुष्कळजण सांगतात. त्यात तथ्य आहे; पण ते कितपत, हे जाणून घ्यावे. फोनातील ‘डेव्हलपर पर्याय’ उघडून, त्यातील यूएसबी डीबगिंग सुरू करून, फोन तारेने संगणकास जोडतात. आणि गूगलनेच दिलेल्या एका साधनाद्वारे, अमुक अ‍ॅप या वापरणाऱ्यापुरते काढावे, अशी आज्ञा देतात. ‘या वापरणाऱ्यापुरते’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. मूळ प्रत भिंतीतून निघत नाहीच. ती आपल्यापुरती अदृश्य व निष्क्रिय होते. फोन कारखान्याच्या मूळ स्थितीत आणला की ती पुन्हा दिसू लागते.

हा मार्ग चुकीचा नाही. परंतु येथे फोन इशारा देत नाही, आणि प्रणालीचा आवश्यक भाग काढला गेल्यास फोन सुरूच न होण्याचा संभव असतो. ज्यास प्रत्येक नावाचा अर्थ ठाऊक आहे अशा जाणत्याच्या शेजारी बसूनच तो करावा. आणि काम संपताच यूएसबी डीबगिंग आठवणीने बंद करावे. फोनाची मूळ कुलपे तोडून प्रणालीचा पूर्ण ताबा घेण्याचा, ज्यास रूट करणे म्हणतात, तो मार्ग मात्र शिक्षकाने कामाच्या फोनाबाबत अवलंबू नये. त्याने हमी जाऊ शकते, आणि बँकांची अनेक अ‍ॅप्स अशा फोनात चालण्यास नकार देतात.

बाजारातील दुकानात फोन साफ करावयास देणारे पुष्कळ आहेत. तसे करणे भाग पडल्यास फोन उघडून देऊन निघून जाऊ नये, समोर बसावे. त्या फोनात आपल्या पटावरील मुलांची माहिती असते. तसेच, फोन स्वच्छ करून देतो असे सांगणारी अ‍ॅप्स घेऊ नयेत. त्यांपैकी पुष्कळ स्वतःच जाहिराती दाखवितात व नको त्या परवानग्या मागतात.

८. मुलांची माहिती आणि आपली जबाबदारी

आतापर्यंत जागेचा व वेगाचा विचार झाला. यांहून मोठी बाब म्हणजे विश्वासाची. जनरल रजिस्टर आपण कपाटात कुलपाखाली ठेवतो. वाटेवरच्या कोणासही चाळू देत नाही. त्याच रजिस्टरातील नावे, जन्मतारखा, पालकांचे दूरध्वनी क्रमांक व मुलांची छायाचित्रे आज फोनात आहेत. एखादा खेळ किंवा कर्ज देऊ करणारे अ‍ॅप जेव्हा संपर्क व छायाचित्रे पाहण्याची परवानगी मागते, तेव्हा ते केवळ आपली माहिती मागत नसते. ज्या पालकाने अंगठा उठवून आपला क्रमांक आपणांस दिला, त्याची माहिती ते मागत असते. त्याने ती दिली शाळेस, दुकानास नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. २०२३ साली संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, त्यात १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून, बालकांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याचे तत्त्व घातले आहे. कायद्याची कलमे कंपन्यांस लागू होतील तशी होवोत. परंतु आपल्या फोनातील परवानग्यांचे पान उघडून अनावश्यक खुणा पुसणे, यासाठी कोणत्याही कलमाची वाट पाहावयास नको.

९. काढण्याचा हक्क कोणाचा?

फोन विकत घेतला आपण. मग त्यातील वस्तू काढण्याची मुभा दुसऱ्याने का द्यावी? हा प्रश्न साधा दिसतो, परंतु त्यावर मोठमोठे वाद झाले आहेत. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगल कंपनीस १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला. कारखानदारांस गूगलच्या अ‍ॅप्सचा सारा संच घ्यावयास लावणे, हा त्यातील एक प्रमुख आक्षेप होता. आणि आधी बसविलेली आपली अ‍ॅप्स काढण्यास मज्जाव करू नये, अशी आज्ञाही आयोगाने केली होती. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, परंतु ही आज्ञा व इतर काही आज्ञा रद्द केल्या. युरोपीय संघात मात्र ७ मार्च २०२४ पासून मोठ्या कंपन्यांवर असे बंधन आहे की, प्रणालीस अत्यावश्यक नसलेली अ‍ॅप्स वापरणाऱ्यास सहज काढता आली पाहिजेत.

शासनाच्या अ‍ॅपबाबतही हाच प्रश्न उभा राहिला. हरवलेला फोन शोधण्यासाठी व फसवणुकीची तक्रार करण्यासाठी असलेले ‘संचार साथी’ हे अ‍ॅप सर्व नव्या फोनांत आधीच बसवावे, असा आदेश दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी कारखानदारांस दिला. त्यावर देशभर चर्चा झाली, आणि ३ डिसेंबर २०२५ रोजी ती सक्ती मागे घेण्यात आली. अ‍ॅप उपयुक्त आहे काय, हा वादाचा मुद्दा नव्हता. ते ज्याचे त्याने स्वतः घ्यावे की त्याच्या घरात आधीच ठेवावे, हा मुद्दा होता. उपयुक्त वस्तूबद्दलही हा प्रश्न विचारता येतो, तर निरुपयोगी वस्तूबद्दल तो विचारण्यास संकोच कसला?

१०. केंद्रातील एक तास

वरील काम प्रत्येकाने एकट्याने करावे असे नाही. केंद्राच्या शिक्षण परिषदेत यासाठी एक तास राखून ठेवावा. ज्यांना फोनाची चांगली माहिती आहे अशा तरुण शिक्षकांनी ज्येष्ठांच्या शेजारी बसावे. मात्र फोन त्यांच्या हातातून घेऊन काम उरकून देऊ नये. बोट ज्येष्ठांचेच चालावे. मुलांना गणित शिकविताना आपण उत्तर लिहून देत नाही, तोच न्याय येथेही लावावा. या तासास प्रत्येकाने आपली तीन रकान्यांची यादी घेऊन यावे. दोघांचे फोन एकाच बनावटीचे असतील तर एकाची यादी दुसऱ्यास उपयोगी पडेल, आणि प्रश्नचिन्हाची पुष्कळ नावे तेथल्या तेथे सुटतील.

काम झाल्यावर तो कागद टाकून देऊ नये. कोणत्या तारखेस कोणते अ‍ॅप बंद केले, याची नोंद त्यावर करून तो टाचणवहीच्या शेवटच्या पानास डकवावा. प्रणालीचे अद्ययावतीकरण झाले की त्याच कागदाशी फोनातील यादी ताडून पाहावी. नवे नाव आढळल्यास ते कोठून आले याचा विचार करावा. वर्षातून दोन वेळा, म्हणजे जूनमध्ये शाळा उघडताना व दिवाळीच्या सुटीनंतर, एवढे केले तरी पुरेल.

आणि सर्वांत प्रथम करावयाचे काम म्हणजे छायाचित्रांची दुसरी प्रत घेणे. अ‍ॅप गेले तर पुन्हा मिळते. पाड्यावरून निघून गेलेल्या मुलीचे छायाचित्र पुन्हा काढता येत नाही.